चौसष्ट किलोमीटर

बुकिंगची पावती फोनवर आली तेव्हा
मी मलाकालला, कंटेनरच्या सावलीत,
मांडीवर निळं हेल्मेट.
पायाखाली काळीच माती, आपल्या रानातल्यासारखी,
फक्त हिच्यात ऊस नाही.

तिकडे संध्याकाळचे सहा, इकडे अडीचचं ऊन.
धनश्री शोरूममध्ये उभी, मागं स्टेशन रोडचे हॉर्न,
मेहुणा कॅमेरा फिरवत: "दाजी, काळी का हिरवी?"
मी म्हटलं, काळी.
स्क्रीनवर ऊन असं पडलेलं
की दोन्ही एकच दिसत होत्या.

सही तिची. नाव तिचं. पैसे माझ्या रात्रपाळ्यांचे.
आणि अट एकच:
कुणी चालवायची नाही. पहिला किलोमीटर माझा.
हळद-कुंकू वाहा, चाकाखाली लिंबू ठेवा,
पण लिंबू फोडायलासुद्धा ढकलूनच न्या.
"नाद खुळा," मेहुणा म्हणाला,
"अडीच लाखाची गाडी शोकेसला ठेवताय!"
टेम्पोतनं फुलेवाडीला आली ती,
म्हशीसारखी दोराने बांधून.

तिसऱ्या आठवड्यात बॅटरी बसली.
अजीज मिस्त्री म्हणाला म्हणे,
वहिनी, इंजिन आहे हे, देव नव्हे;
एका जागी बसवून ठेवलं की बिघडतं.
हे मला फार उशिरा कळलं.
तिने तेव्हा फक्त मीटरचा फोटो पाठवला:
७.
खाली एक शब्द नाही.

मग फोटो येत राहिले.
गस्तीवरून आलो की मच्छरदाणीत पडून
मी आकड्यांवरनं रस्ते काढायचो.
अकरा वाढले, म्हणजे महाद्वार रोड,
लावायला जागा नाही म्हणून दोनदा वळसा.
बेचाळीस म्हणजे जोतिबा;
घाटात चुकीच्या गिअरवर चढवली असणार,
क्लच जळाल्याचा वास मला इथे आला.
एकोणीस? आईच्या गुडघ्याचे डॉक्टर?
आई, बुलेटवर, पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून...
पहाऱ्यावर एकटाच हसलो
तर नायक बिरंजे म्हणाला, "काय रं, घरचं का?"

ऑगस्टात चार दिवस फोन बंद.
कुंपणापलीकडे गोळीबार, टॉवर गेलेला,
आम्ही बंकरमध्ये डब्यातले छोले खात होतो
थंडच.
ते मी तिला अजूनही नीट सांगितलेलं नाही.
पाचव्या दिवशी नेटवर्क आलं आणि सगळं एकदम आलं:
आईचा आवाज, मेहुण्याचे जोडलेले हात,
आणि मीटरचे दोन फोटो, एकाच तारखेचे.
४१२.
४७६.

चौसष्ट.
कागल नाही, ते जाऊन-येऊन चाळीस.
पन्हाळाही तेवढाच.
निपाणी जास्त होतं, राधानगरी त्याहून.
नकाशा उघडून बघितला, बोटाने मापला,
ओळखीचं एक गाव त्या आकड्यात बसेना.

पहाटे पहारा बदलताना सुचलं.
रंकाळ्याचा फेरा साडेचारचा.
चौदा फेरे. त्रेसष्ट.
आणि घर ते तळं, जाऊन-येऊन, एक.

डिसेंबरात घरी आलो.
किल्ली खिळ्यावर, कॅलेंडरच्या शेजारी.
तिच्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका,
रुपयाएवढा, जुना होत आलेला.
मी विचारलं नाही.
ती म्हणाली, "चहा ठेवू, का आधी गाडी?"

बसलो. क्लच तिच्या मुठीला सोसेल इतका सैल.
आरसे तिच्या उंचीचे:
मागचा रस्ता दिसेना,
माझ्याच शर्टाची दोन बटणं दिसली
आणि पाठीमागं दारात
उभ्या असलेल्या तिच्या चपला.
हात आरशाकडे गेला होता.
मीटरवर २१०८.

राहू दिले तसेच.
मान वळवून, मागं बघत बघत
नाक्यापर्यंत गेलो.